मोबाइलमधली आई

आई, आज रविवार आहे आणि टँकर अजून यायचाय. तो आला की जिन्यात बादल्यांची जत्रा भरेल, मग लिहिणं-बिहिणं राहिलंच. सासूबाई दुपारच्या पडल्यात, नवरा खाली ड्रम घासतोय आणि तुझी नात माझ्या मांडीवर पाय टाकून झोपलीय. ती अजून तीन वर्षांची व्हायचीय. तू तिला पाहिलं नाहीस, आणि तिच्यासाठी तू म्हणजे भिंतीवरचा एक फोटो, ज्यात तू फोटोवाल्यावर चिडल्यासारखी दिसतेस. तरी गेल्या काही महिन्यांत या घरात तुझा विषय जितका निघाला, तितका तू गेल्यापासून कधी निघाला नसेल. बहुतेक वेळा तो मीच काढला, आणि काढला तो स्वतःला टोचून घ्यायला. त्याबद्दल तुला सांगायचंय. थकलेय मी, त्यामुळं सरळ सांगता येईल की नाही माहीत नाही.

आम्ही आता शहराच्या कडेला, सातारा परिसरात राहतो. तुझ्या वेळी खंडोबाच्या जत्रेशिवाय इकडं कुणी फिरकत नव्हतं. आता जिकडं बघावं तिकडं इमारती, आणि इमारत आधी, पाणी मागून, अशी इथली रीत. नळ नाही. बोअर उन्हाळा लागायच्या आतच आटली. जायकवाडीत किती उरलंय ते रोज पेपरात येतं आणि लोक ते घरातल्या आजाऱ्याच्या तब्येतीसारखं एकमेकांना विचारतात. मुकुंदवाडीला तेव्हा आपल्या खोलीमागं रानच होतं ना, ती मुकुंदवाडी आता पार शहराच्या पोटात गेलीय. तुला रस्ते ओळखू येणार नाहीत, पण दुष्काळ तेवढा ओळखीचा निघेल. तुम्ही दोघं वैजापूरकडून इथं आलात तेही अशाच एका वर्षी, मला कडेवर घेऊन.

मी वाळूजला एका कंपनीत क्वालिटीत आहे. गाड्यांचे छोटे पार्ट मशीनवरून येतात, ते मोजायचे. मापात बसले तर पुढं, नाही बसले तर लाल ट्रेमध्ये. पहिल्या पाळीची बस नाक्यावर येते तेव्हा पोरगी झोपेत असते, आणि मी परत येते तेव्हा मी झोपेत असते, फक्त चालत असते एवढंच. नवरा शेंद्र्याला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. घर चालायला दोघं लागतात, त्यावर चर्चा करून झालीय. पोरीला दिवसभर सासूबाई सांभाळतात. त्यांचे गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे, आणि त्या नसत्या तर आमचं काय झालं असतं हे मी त्यांना तोंडावर कधी सांगत नाही.

पोरगी त्यांच्या हातून जेवायची नाही. ताट घेऊन त्या बिचाऱ्या या खोलीतून त्या खोलीत तिच्या मागं, आणि संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत मला बातमी, ‘आजबी थुंकून दिलं बघ तुझ्या लेकीनं.’ मग एका रविवारी मला अक्कल सुचली. टँकर आदल्याच दिवशी येऊन गेला होता. मी डोक्यावरून न्हाले होते, झोप झाली होती, केस मोकळे होते. नवऱ्याला म्हटलं, मोबाइल लाव, व्हिडिओ भरून घ्यायचाय. त्यानं तो मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला, आणि मी वरणभाताचं ताट घेऊन मोबाइलसमोर बसले आणि पोरगी समोरच आहे असं धरून भरवायला लागले. ‘हा घास कंपनीच्या बसचा. बस आली, दार उघड! हा घास टँकरवाल्या काकांचा. हा घास खालच्या मनीचा, मनी यायच्या आत खा पटकन.’ मध्येच कुकरची शिट्टी झाली, मी दचकले आणि हसत सुटले. ते तसंच राहू दिलं. सासूबाईंच्या मोबाइलवर ते टाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला, ‘अगं, ताट पुसून खाल्लं गं लेकरानं!’

मी काय मिरवलं म्हणून सांगू! बसमधल्या दोघी-तिघींनी लगेच तेच केलं. एकीनं झोपवतानाचं गाणं भरून ठेवलं. एकीनं तर रागावणंच भरून ठेवलं, ‘खातोस की येऊ? आले हं मी!’ आम्हाला वाटलं, बाजारात मिळत नाही अशी वस्तू आम्ही शोधून काढलीय. दुसऱ्यांची पोरं कार्टून बघत जेवतात, आमची निदान आईला बघत जेवतात, हे वाक्य मी किती जणींना ऐकवलं असेल. मोबाइल वाईट, हे काय आम्हाला कळत नव्हतं? पण आमच्या हिशेबी हा मोबाइल नव्हताच, ही मी होते. सासूबाईंनाही तो उपाय पसंत पडला, आणि त्यांना माझं काहीतरी पसंत पडलं याचंही मला अप्रूप होतं.

आता, ताट संपलं म्हणून मोबाइल थांबत नाही. त्याचं पुढचं आपोआप सुरू होतं. आधी गाणी, मग कुठल्याशा परक्या भाषेत बोलणारे दोन हात, जे खोक्यातून खेळणी काढून दाखवत राहतात, तोंड कधी दिसत नाही. सासूबाई तेवढ्यात भांडी उरकायच्या, पाय पसरायच्या, त्यांचं तरी काय चुकलं? टँकरच्या दिवशी तर आम्ही सगळेच खाली, आणि वर पोरगी आणि मोबाइल. जेवणाचं म्हणून आणलेलं ते न्याहारीला आलं, मग आंघोळीला, मग उगाच. लेकरू बोलत फारसं नाही म्हणून शेवटी डॉक्टरकडं नेलं. त्यांनी विचारलं, ‘दिवसातून स्क्रीन किती वेळ?’ मी म्हटलं, ‘असेल तासभर.’ सासूबाईंनी तिथल्या तिथं माझी लाज काढली. ‘तासभर कुठला हो मॅडम, डोळे उघडल्यापास्नं. ही कुठं घरी असती बघायला?’ डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या, त्यांचाही मोबाइल टेबलावर सारखा थरथरत होता. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बंद करा, घरात बोला, तिच्याशी खेळा. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, कधी? उद्धटपणानं नाही, मला खरंच कुणीतरी ती वेळ दाखवून द्यायला हवी होती.

त्याच आठवड्यात ते झालं. सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम वरणभात केला, वर तूप घातलं, तिला मांडीवर घेतलं. तिनं तोंड फिरवलं आणि मोबाइलकडं बोट केलं. मी म्हटलं, ‘अगं, मी आहे ना. मी भरवते.’ ती म्हणाली, ‘तू नको. ती आई.’ एरवी इतकं कमी बोलते, त्यामुळं हे अगदी स्वच्छ ऐकू आलं. मी पेटलेच. म्हटलं बघतेच, आणि तेच शब्द म्हणायला लागले, बस आली, दार उघड. पण माझा क्रम चुकला, टँकरच्या आधी मनी आली, तशी ती किंचाळली. शेवटी मोबाइल लावला. आम्ही तिघी जेवायला बसलो, ती, मी आणि ती दुसरी. कुकरची शिट्टी व्हायच्या जरा आधीच पोरगी हसली, कारण आता आई हसणार हे तिला पाठ होतं. घास माझ्याच हातातून जात होते, पण तिनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. मी मात्र त्या बाईला नीट बघून घेतलं. न्हालेली, झोप झालेली, कसली म्हणजे कसली घाई नसलेली बाई. ती कधी ‘थांब गं जरा’ म्हणत नाही, तिचे पाय दुखत नाहीत. मला निवडायला सांगितलं असतं तर मीही तिलाच निवडलं असतं. मग ताट धुतलं.

तेव्हापासून तू माझ्या डोक्यात जी बसलीस ती उठेचना. मुकुंदवाडीची ती पत्र्याची खोली. तू औषधाच्या कंपनीतून येतेस, तुझ्या हातांना गोळ्यांचा कडवट वास येतोय, आणि त्याच हातांनी तू भाकरी थापतेस. आपण आजारी पडत नाही ते या भाकरीमुळंच, असं मला बरीच वर्षं वाटायचं. पॅकिंगमध्ये गोळ्यांच्या पाकिटांची चंदेरी पट्टी कापून उरायची, तिचे तुकडे तू पदराला बांधून आणायचीस. मी त्यांचे पैंजण करते, वाट्या करते, भिंतीच्या फटीत बसवून आरसे करते. स्टोव्हला पंप मारता मारता तू म्हणतेस, ‘मला बी एक बिलवर कर की.’ मी करते, तू ते हातात घालून भाकरी भाजतेस आणि ते पिठानं माखून जातं. अशी तू मला दिसायचीस, आणि मग मी माझ्या घरातल्या त्या खोकी उघडणाऱ्या हातांकडं बघायचे.

आणि ते टीव्हीचं. पलीकडच्या खालांकडं टीव्ही आला आणि वस्तीतली सगळी पोरं रविवारी त्यांच्या उंबऱ्यात. एका रविवारी मी सकाळची गेले ती दुपारपर्यंत हललेच नाही. तू आलीस आणि सगळ्यांदेखत दंडाला धरून मला उठवलंस. खाला म्हणाल्या, ‘रहने दो ना बाजी, बच्ची है.’ तू त्यांना काही बोलली नाहीस, मला म्हणालीस, ‘लोकाच्या दारात डोळं फाडून बसलीस व्हय? बगायचंच आसंल तर घरी चल, आपल्या मायला बग.’ घरी आणलंस आणि तू आडवी होऊन घोरायला लागलीस. मी खरंच बसून तुला बघत राहिले, दुसरं होतं काय? पण ते वाक्य डॉक्टरकडून आल्यापासून मला रोज ऐकू यायचं. तुझ्याकडं मोबाइल नव्हता, टीव्ही नव्हता, पोर सांभाळायला सासू नव्हती. पाळी होती, पाणी नव्हतं. तरी तू मला वाढवलंस. मग मलाच का जमत नाही?

नवऱ्याला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, ‘आपणही टीव्ही बघतच मोठे झालो, काय वाईट झालं आपलं?’ हे तो मोबाइलमध्ये बघत बघत म्हणाला, म्हणून मी पुढं वाद घातला नाही. मीच ठरवून टाकलं, नोकरी सोडायची. ती नोकरी मला आवडते, हे मला कुणी विचारत नाही म्हणून तुला सांगते. एखादा पार्ट बिघडलेला आहे हे मोजायच्या यंत्रावर लावायच्या आधीच बोटांना कळतं, ते मला आवडतं. जेवणाच्या सुट्टीत कुणीही मला आई म्हणत नाही, तेही आवडतं. तरी ठरवलं, महिना संपला की सुपरवायझरला सांगायचं. संध्याकाळी घरात सगळे असताना बोलले. सासूबाई गुडघे चोळत राहिल्या. नवरा खिडकीतून बायपासच्या गाड्या बघत राहिला. मला त्याचा संताप आला आणि मी म्हटलं, ‘माझ्या आईनं नाही का केलं सगळं एकटीनं?’

त्या आठवड्यात मावशी आमच्याकडं आली होती. गावात प्यायचं पाणी उरलं नाही म्हणून तिच्या लेकानं तिला चार दिवस शहरात पाठवली, आणि शहरात येऊन ती टँकरच्या रांगेत उभी राहिली. ‘तिथं बी हेच, इथं बी हेच, फकस्त इथं जिना हाय,’ असं तिचं मत. तर आम्ही दोघी लसूण सोलत होतो आणि मान वर न करता ती म्हणाली, ‘सगळं म्हंजी काय गं? आक्का तर तुला बांधून जायची.’

मी म्हटलं, ‘बांधून?’

‘खाटंच्या पायाला. तुला म्हाईत नाय?’ तिला खरंच नवल वाटलं. ‘आक्काची पाळी आदी लागायची, दाजी रातपाळी करून मागून यायचे. मधी घरात कुणीच नाय. मग काय करील? जुन्या लुगड्याची पट्टी फाडली व्हती, ती तुझ्या कमरंला, गाठ मागं, तुला सुटू नाय म्हून. दुसरं टोक खाटंला. मी आल्ते तव्हा बघितलंय की डोळ्यानं. लई रडायचीस तू. रडून रडून खाटंखालीच झोपायचीस. ती पलीकडची खाला खिडकीतून बोलत राहायची तुझ्यासंगं.’

‘तू काही म्हणाली नाहीस आईला?’

‘म्हनले ना. आक्का, लेकरू रडतंय म्हनलं. तर माझ्यावरच डाफरली. म्हनली, रडंल पर जित्तं ऱ्हाईल. घरात स्टो हाय, पान्याचा ड्रम हाय, भाईर टरका पळत्यात. तू ऱ्हातीस का इथं कायमची? मी म्हनलं, नाय. मग गप, म्हनली.’ मावशीनं पाकळ्या वाटीत टाकल्या. ‘बालवाडीत घातली तव्हा सुटलीस तू. मोठी झालीस, शिकलीस, आता कंपनीत जातीस. काय झालं तुला? दे तो दुसरा गड्डा.’

सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘काय करतील बाई, दुसरा इलाज नव्हता.’ आणि उठून चहा ठेवायला गेल्या.

तू कधी सांगितलं नाहीस. मी नववीत असताना गेलीस, तोवर सांगायचं राहिलं की सांगायचंच नव्हतं, कुणास ठाऊक. बाबांनीही नाही सांगितलं, तेही तसेच गेले. मी आठवून बघितलं. कमरेला चाचपूनसुद्धा बघितलं, म्हणजे हात आपोआप गेला तिथं. काही नाही. खाट आठवते, पण मी तिच्यावर बसलेली आठवते. पट्टी नाही, गाठ नाही, ते रडणं नाही. माझ्याजवळ आहे ती पिठात माखलेलं बिलवर घातलेली तू. बाकीची तू मी कुठं टाकून दिली कळत नाही. म्हणजे मीही तुझं एक बरंसं चित्र भरून घेतलं होतं आणि इतकी वर्षं तेच लावून बसले होते, आणि त्या बाईशी स्वतःची तुलना करत होते. हे समजल्यावर डोकं हलकं होण्याऐवजी जड झालं, झोप येते तसं.

नोकरी मी सोडली नाही. सोमवारी बस आली, चढले, सुपरवायझरला काही बोलले नाही. घरी कुणी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. जेवताना मोबाइल मात्र बंद केला. ते दिवस वाईट गेले. पोरगी ओरडून ओरडून उपाशी झोपायची, सासूबाई माझ्याशी बोलेनात, नवरा उशिरा घरी यायला लागला. एकदा मावशीनं तिला उचलली, टँकरच्या रांगेत नेऊन कुणाच्या तरी पालथ्या ड्रमवर बसवली आणि हातात भाकरीचा तुकडा दिला. तो तिनं माणसं बघत बघत खाल्ला. आम्हाला वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडणं. मग मावशी गावी गेली. आता असं आहे की रात्रीचं जेवण बिनमोबाइलचं. दुपारचं मला माहीत नाही, आणि मी विचारत नाही, कारण ते गुडघे माझे नाहीत. पोरगी बोलते थोडं जास्त. परवा टँकरवाल्याला गॅलरीतून ओरडून ‘हॉर्न नको’ म्हणाली. डॉक्टर म्हणतात, बघू. माझ्या हातून जेवते कधी कधी, माझ्या तोंडाकडं टक लावून. मी पुढं काय बोलणार हे तिला ठाऊक नसतं, त्याचा तिला अजून राग येतो.

खालून नवऱ्याची हाक आली, म्हणजे टँकर वळणावर दिसला असणार. हे कुठं पाठवायचं नाही, एवढं मलाही कळतं. पाठवता आलं असतं तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट राहिलीय आणि ती तुझ्या तोंडावर बोलायची माझी हिंमत नाही. मावशी सांगत होती तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. त्या खाटेखाली झोपलेल्या लेकराचं नाही तर निदान तुझं, पाठीमागं गाठ मारून पाळीला पळणाऱ्या तुझं. तेव्हा तू माझ्यापेक्षा किती लहान होतीस. वाटलं, पण ते दुसऱ्या दिवशी, बसमध्ये. इतकं वाटलं की शेजारणीला सांगावं लागलं, डोळ्यात कचरा गेलाय. पण त्या संध्याकाळी, मावशीसमोर, मी मान खाली घालून नुसती लसूण सोलत राहिले. मला हायसं वाटत होतं, आई, आणि ते माझ्या चेहऱ्यावर कुणाला दिसेल याची भीती वाटत होती.